स्क्रीन आपोआप दाबली जायची, दोष निघाला चार्जरचा

आईचा फोन चार्जिंगला लावला की स्क्रीन आपोआप दाबली जायची, भलत्यालाच कॉल लागायचे. नाशिकमध्ये एमजी रोडवर दुकानदार म्हणाला, डिस्प्ले बदला. मी आधी तपासायचं ठरवलं.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स (एरवी लपलेल्या तपासणीच्या सेटिंग्ज) उघडतात. तिथे 'पॉइंटर लोकेशन' सुरू केलं की बोट फिरेल तिथे रेघ उमटते. कडेपासून कडेपर्यंत सावकाश बोट फिरवलं. रेघ कुठेच तुटली नाही. म्हणजे टच शाबूत! चार्जर जोडताच मात्र बोट न लावताही रेघा उमटू लागल्या. बोटामुळे स्क्रीनची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते, तीच टच मोजतो. हलक्या प्रतीच्या चार्जरचा विद्युत गोंगाट त्यात मिसळतो.

चांगला चार्जर लावला, रेघा थांबल्या. तपासून झालं की पॉइंटर लोकेशन बंद करा, नाहीतर रेघा दिसत राहतात.