हिवाळ्यातला घोडा आणि आपली भक्ती: या चुका टाळा

थंडीत घोडा सांभाळताना होणाऱ्या बहुतेक चुका प्रेमापोटी होतात. आपल्याला हुडहुडी भरते, म्हणून घोड्यालाही भरली असेल असं वाटतं. आपल्याला दारं-खिडक्या लावून बसावंसं वाटतं, म्हणून तबेलाही बंद होतो. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची एक साधी खूण दिली आहे: तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. ती घ्यायची तर आधी तो जीव कसा आहे, हे बघावं लागतं. खालच्या चुकांचं मूळ या न बघण्यात आहे, आणि प्रार्थनेतही आपण पुष्कळदा तिथेच घसरतो असं मला वाटतं.

पाणी समोर आहे, म्हणजे तो पितोय असं समजणं

हिवाळ्यातली सर्वांत घातक चूक हीच. साधारण 500 किलोच्या घोड्याला दिवसाला 25 ते 45 लिटर पाणी लागतं. हिरव्या गवतात 75 ते 80 टक्के पाणी असतं, सुक्या गवतात जेमतेम 10 ते 15 टक्के. म्हणजे खाण्यातून मिळणारं पाणी हिवाळ्यात तुटतं, आणि नेमकं त्याच वेळी हौदातलं पाणी इतकं गार होतं की घोडा दोन घोट घेऊन तोंड फिरवतो. मग मोठ्या आतड्यात सुका चारा साचून अडकतो आणि पोटशूळ उठतो.

उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. हौदावरचा बर्फ सकाळ, दुपार, संध्याकाळ फोडा. शक्य तिथे पाणी कोमट करून द्या. बर्फागार पाण्यापेक्षा 7 ते 18 अंश सेल्सिअसचं पाणी घोडे जास्त पितात. रोज साधारण 30 ग्रॅम मीठ पोटात जाऊ द्या, त्याने तहान लागते. आपोआप भरणारी भांडी असतील तर त्यांत रोज हात घालून बघा, कारण नळी गोठली तरी भांडं वरून ठीकच दिसतं. शंका असेल तेव्हा एक-दोन दिवस बादलीने मोजून पाणी द्या. लीद हा तर रोजचा अहवाल आहे: गोळे लहान, कडक, कोरडे झाले की पाणी कमी पडतंय. आणि तो बर्फ चाटून भागवेल या भरवशावर राहू नका. बर्फ वितळला की त्याचं पाणी फार थोडं होतं, आणि तो वितळवण्यात अंगातली ऊब खर्च होते ती वेगळीच.

रविवारी उपासनेच्या गडबडीत हे पाणी राहून जातं. लूकच्या तेराव्या अध्यायात येशू शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, एका वाकलेल्या स्त्रीला बरं करतो आणि आक्षेप घेणाऱ्यांना विचारतो, तुम्ही शब्बाथाला आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही का? त्या वादात जनावराला पाणी पाजणं ही गोष्ट इतकी उघड योग्य धरलेली आहे की येशू तिच्यावर पुढचा सगळा मुद्दा उभा करतो. तेव्हा उपासनेला दहा मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या.

ऊब यावी म्हणून चंदी वाढवणं

धान्याने घोडा गरम राहतो हा समज फार जुना आहे. शक्ती धान्यातून मिळते, पण आतली शेकोटी पेटते ती वैरणीवर. मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव गवतातले तंतू आंबवतात आणि त्या कामातून तासन्‌तास उष्णता निघत राहते. धान्य एकदम वाढवलं तर पोट बिघडतं, कधी खुरांना सूज येऊन घोडा लंगडतो.

दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के वैरण हा पाया धरा, म्हणजे 500 किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो. हिवाळी केस पूर्ण आलेला, सुका, धडधाकट घोडा उणे 8 अंशांच्या आसपासपर्यंत जादा खाण्याशिवाय तग धरतो. त्याखाली पारा उतरला की दर अंशामागे सुमारे दोन टक्के जास्त ऊर्जा लागते, आणि ती आधी गवतातून द्यावी. रात्रीचा भारा मोठा ठेवा, कारण लांब थंड रात्र रिकाम्या पोटी काढणं घोड्याला जड जातं.

याकोबाच्या पत्रात एक प्रसंग आहे. अंगावर वस्त्र नाही, पोटात अन्न नाही अशा भावाबहिणीला कुणी म्हणतं, सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा. आणि देत मात्र काहीच नाही. याकोब विचारतो, याचा काय उपयोग? हे माणसांविषयी लिहिलं आहे, आणि माणसांना आधी लागू करायचं आहे. पण रात्री अंथरुणातून ‘प्रभू, माझ्या घोड्याला सांभाळ’ म्हणताना गव्हाणी रिकामी असेल, तर उठून भारा टाकणं हा त्या प्रार्थनेचाच उरलेला भाग आहे.

झूल घातली की काम झालं

घोड्याचे केस थंडीत उभे राहतात आणि त्यांच्यात हवेचा थर अडकतो. हेच त्याचं पांघरूण. पातळ झूल हे केस दाबते, थर मोडते, आणि कधीकधी झूल नसताना वाजली नसती अशी थंडी झूल घातल्यावर वाजते. भिजलेली झूल तर सर्वांत वाईट. म्हातारे, आजारी, रोडावलेले, केस कापलेले, आडोसा नसलेले घोडे यांना झूल हवीच. इतरांना वारा-पाऊस अडवणारा आडोसा पुष्कळदा पुरतो, कारण घोडा थंडीपेक्षा ओलीने जास्त गारठतो.

झूल घालत असाल तर ती रोज काढा. खाली हात घाला. घाम आलाय का, खांद्यावर घासलंय का, केसांखाली खपल्या धरल्या आहेत का, हे बघा आणि खरारा करा. केसाळ घोडा गुबगुबीत दिसतो, पण बोटांनी दाबल्यावर बरगड्या लागतात. घोड्याची अंगलट 1 ते 9 या मोजपट्टीवर बघतात, 5 म्हणजे मध्यम. डोळ्यांना थंडीत ती कळत नाही, तिथे हातच लागतो. मंडळीतही हिवाळा काढणारी माणसं असतात, वरून भरल्यासारखी दिसणारी. ‘बरं आहे ना?’ एवढं लांबून विचारलं की ती ‘हो’ म्हणतात.

तबेला गच्च बंद करणं

मुतातून अमोनिया सुटतो, गवताची धूळ उडते, ओलसर श्वास भिंतींवर साचतो. बंद तबेल्यात हे सगळं घोड्याच्या फुफ्फुसात जातं आणि खोकला लागतो. आत शिरताच तुमच्या नाकाला झोंबत असेल, तर खाली मान घालून खाणाऱ्याच्या नाकाला केव्हापासून झोंबत असणार. अंगावर झोत नको, पण वरची झरोकी उघडी ठेवा. घसरड नसेल तर रोज बाहेर काढा. चालल्याने आतडीही चालतात.

इथेच गव्हाणीचं बोलतो. नाताळात आपण गव्हाणी सजवतो, गवत पसरतो, तारा टांगतो. पण ज्यांच्या घरी खरी गव्हाणी आहे त्यांच्याकडून ती हिवाळ्यात घासायची राहते, आणि कोपऱ्यात ओलसर, बुरशी धरलेला चारा साचतो. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, रोज एकदा ती रिकामी करून पुसायची, असं व्रत घ्यायला हरकत नाही. प्रभूला ठेवलं होतं ती जागा जनावराच्या खाण्याची होती, हे हाताने काम करताना जितकं कळतं तितकं सजावट करताना कळत नाही.

खुरं वसंतापर्यंत विसरणं

खुरं थंडीत हळू वाढतात हे खरं, तरी नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवाच. नाल असेल तर बर्फाचे गोळे आत घट्ट बसतात आणि घोडा पाय मुरगळून घेतो. रोज खुरं उकरा. तळव्यावरच्या मऊ त्रिकोणी भागातून काळा, घाण वास येणारा चिकट पदार्थ निघाला तर तिथे कुजायला लागलंय: जागा कोरडी करा, अंथरूण बदला. आणि लगामाचं गोठलेलं लोखंडी कडियाळं तसंच तोंडात घालू नका, आधी मुठीत धरून गरम करा.

थंडी पडल्यावर तयारीला लागणं

दात तपासणं, जंतांचं औषध, गवताची साठवण, आडोशाची डागडुजी ही शरदातली कामं. घोड्याचं शरीर थंडीची वाट बघत नाही. दिवस लहान होऊ लागताच त्याची केसांची तयारी सुरू होते. तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल त्रोवसात राहिलेला झगा मागवतो आणि हिवाळ्यापूर्वी ये म्हणतो. मरण समोर दिसत असलेला प्रेषित झग्याची आठवण ठेवतो, यात मला अश्रद्धा दिसत नाही. देवावर भरवसा ठेवणारा माणूस वेळेत लोकर मागवू शकतो.

कामांमुळे भक्ती बुडाली असं मानणं

अंधारात उठून बर्फ फोडला, शेण-लीद काढली, आणि शास्त्र वाचायला वेळ उरला नाही, याची बोच अनेकांना लागते. वाचन सोडू नका, संध्याकाळी करा. पण सकाळ वाया गेली असं म्हणू नका. स्तोत्र 147 म्हणतं की लोकरीसारखं हिम देव देतो, त्याच्या थंडीपुढे कोण टिकेल. आणि मग तोच आपलं वचन पाठवून ते वितळवतो. हे स्तोत्र हौदाशी उभं राहून पाठ म्हणता येतं. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ हेही, बादली भरेपर्यंत.

रात्री पोटशूळ उठला, तर ‘सकाळी बघू’ म्हणणं

पाय आपटणं, वळून कुशीकडे बघणं, पुन्हापुन्हा बसणं-उठणं, लोळणं, लीद थांबणं: यांतलं काही दिसलं की समोरचा चारा काढा आणि पशुवैद्याला लगेच फोन करा. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. नाडी 60 च्या वर गेली असेल तर तसं स्पष्ट सांगा. स्वतःच्या मनाने दुखणं दाबणारं औषध देऊ नका, त्याने खूण झाकली जाते. लोळू लागला तर हळू चालवा, दमवू नका. पशुवैद्य येईपर्यंत प्रार्थना करा, मोठ्याने केली तरी चालेल, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी नाडी मोजून कागदावर लिहीत राहा.