भरपाईचं जंगल मोजायला जाताना

पहिलं काम मिळालं तेव्हा वाटलं, काय अवघड आहे? कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर जाऊन रोपं मोजायची. रस्त्यासाठी दुसरीकडे कुठेतरी जंगल तुटलं होतं, त्याच्या भरपाईची ही लागवड. कागदावर जमीन ‘पडीक’. मे महिन्यात गेलो तर दिसतही तशीच होती, नुसता तापलेला कातळ. खड्ड्याखड्ड्यातली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प मोजलं, जगलेल्या रोपांची टक्केवारी काढली आणि मोकळा झालो.

श्रावणात सहज पुन्हा गेलो. सड्यावर सीतेची आसवं ही इवली रानफुलं जांभळी पसरलेली, मधेमधे गेंदाच्या फुलांचे पांढरे ठिपके. मातीचा थर जेमतेम बोटभर, त्यावर हे सगळं. खड्ड्यांभोवती मात्र बाभळीचा पाला साचलेला, तिथे फूल नाही. गुरं घेऊन आलेले काका म्हणाले, “हितं झाडं कुनी लावाया सांगितली? आमची गुरं खानार काय?” माझ्या फॉर्ममध्ये याला रकानाच नव्हता.

म्हणून नव्यांना सांगतो, भरपाईची जमीन पावसात बघितल्याशिवाय अहवालावर सही करू नका. आणि आधी कायदा वाचा. 1980 च्या वन कायद्याखाली वनजमीन वळवली, म्हणजे दुसऱ्या कामाला दिली, की सहसा तेवढीच बिगरवन जमीन, किंवा काही प्रकल्पांत दुप्पट अवनत, म्हणजे ऱ्हास झालेली, वनजमीन लागवडीला घेतात. वर ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे गमावलेल्या जंगलाची पैशात धरलेली किंमत, भरावं लागतं. 2016 च्या कॅम्पा, म्हणजे भरपाई वनीकरण निधीच्या कायद्यानुसार या पैशातले 90 टक्के राज्याला, 10 टक्के केंद्राला. हिशेब हेक्टर आणि रुपयांचा, प्रजातींचा नाही. सगळा वाद इथेच आहे.

ग्रेट निकोबार बेटावरच्या बंदर-विमानतळ प्रकल्पाचं उदाहरण घ्या. सुमारे 130 चौरस किलोमीटर वर्षावन वळवायचं आणि भरपाईची झाडं हरियाणात लावायची असं ठरलं. गॅलथिया खाडीवर अंडी घालणारं लेदरबॅक कासव हरियाणात जाणार नाही, हे कळायला पदवी लागत नाही.

समर्थक म्हणतात, भरपाई नसती तर तेवढंही मिळालं नसतं. खोटं नाही ते. पण नुकसान आधी टाळायचं, मग कमी करायचं, जमलं तर पूर्ववत करायचं आणि उरेल त्याचीच भरपाई द्यायची, असा क्रम पुस्तकात शिकवतात. माझ्या हातात फाइल आली ती प्रत्येक वेळी चौथ्या पायरीवरच.

श्रावणातली टिपणं मी अहवालाला जोडली होती. ‘विषयाबाहेर’ असा शेरा मारून परत आली. आता नव्या जागी गेलो की रोपांना हात लावण्याआधी विचारतो, इथे गुरं कोण चारतं?