ज्याची खावी पोळी: अरबी आणि फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी

"फ्रेंच येतंय, आता अरबी घेऊ का? दोन्हीचा गोंधळ नाही ना होणार?" असं मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. घ्या, खुशाल घ्या. गोंधळ शब्दांचा होत नाही, लिपीचा तर नाहीच नाही. तो होतो 'जो-तो'च्या, म्हणजे 'जो आला तो बसला' अशा जोडवाक्यांत. माझा झाला, आणि एकदा चांगला महागात पडला.

मी फ्रेंच पुण्यात शिकले, कॉलेज सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांत. अरबी त्यानंतर सहा वर्षांनी, आणि तीही पोटासाठी. मोरोक्को, ट्युनिशिया, अल्जीरिया या देशांत अरबी राजभाषा, पण व्यापाराचे कितीतरी कागद फ्रेंचमध्ये. आपल्याकडे खतांसाठी लागणारं फॉस्फेट मोठ्या प्रमाणावर मोरोक्कोतून येतं. दोन्ही भाषांतले कागद एकमेकांशी ताडून पाहणारा माणूस लागतो आणि सहज सापडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांतही या दोन्ही आहेत, पण तिथवर पोचायचं स्वप्न पहिल्या वर्षी बघू नका. आधी करारातलं एक कलम धड लावता येऊ दे.

आता मूळ मुद्दा. आपली म्हण घ्या: ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. पहिल्या अर्ध्या भागाचं मी दोन्ही भाषांत रूपांतर करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. पोळीच्या जागी त्यांचा पाव. फ्रेंचमध्ये 'सलुई दों ओं मांझ ल पँ'. अरबीत 'अल्लधी तअकुलु खुब्ज़हु'. ('धी'चा उच्चार जीभ दातांत धरून, इंग्रजी 'धिस'सारखा, आपला 'ध' नव्हे.)

नीट बघा. मराठीत 'ज्याची' या शब्दातच षष्ठी आहे: पोळी कुणाची ते दारातच कळतं. फ्रेंचमध्येही तसंच, 'दों' म्हणजे 'ज्याचा, ज्याची, ज्याचं' सगळं एकात. अरबीचा 'अल्लधी' मात्र फक्त 'जो' म्हणतो आणि गप्प बसतो. 'ची' कुठे गेली? ती आत, पावाला चिकटून बसली आहे: खुब्ज़-हु, 'पाव-त्याचा'. शब्दशः वाचलं तर 'जो, तू खातोस पाव त्याचा'.

या शेपटीला अरबी व्याकरणात 'आइद' म्हणतात, म्हणजे परत येणारा. आमचे सर हैदराबादचे. फळ्यावरचं वाक्य चुकलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आइद किधर है?" बऱ्याचदा नसायचाच. 'ज्याच्याशी मी बोलले तो मुलगा' याचं अरबी करताना मी मराठीसारखा 'शी' पुढे ओढायची. बरोबर वाक्य 'अल्-वलद अल्लधी तकल्लम्तु मअहु', म्हणजे 'मुलगा जो, मी बोलले त्याच्याशी'. फ्रेंचमध्ये 'आव्हेक की', 'ज्याच्याशी', मराठीच्या वळणावर.

एकदा हे अंगवळणी पडलं की उलटा त्रास सुरू होतो. अरबीच्या सवयीने मी फ्रेंचमध्येही शेपटी लावू लागले: 'ल लिव्र क झ ले ल्यू', 'पुस्तक जे मी ते वाचलं'. सहा वर्षं बरोबर बोललेलं वाक्य तीन महिन्यांत बिघडलं! घाबरू नका, ते सुधारतं. वाचलेलं पुस्तक अरबीत 'करअतुहु', शेवटच्या 'हु'सकट. फ्रेंचमध्ये 'क' एकटाच पुरतो. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांची चूक आणखी वेगळी. इंग्रजीत हा जोडशब्द गाळला तरी चालतं, म्हणून ती फ्रेंचमधला 'क' गाळतात. फ्रेंचमध्ये तो गाळता येत नाही. या दोन भाषांसाठी इंग्रजीपेक्षा मराठी जवळ धरा, असं मी म्हणते ते उगाच नाही.

त्याचा एक पुरावा. 'मी लिहिलेलं पुस्तक' फ्रेंचमध्ये 'ल लिव्र क झे एक्री'. 'मी लिहिलेली चिठ्ठी' मात्र 'ला लेत्र क झे एक्रीत'. पत्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून क्रियापदाला एक 'ए' लागतो आणि आधी मुका असलेला 'त' ऐकू येतो. वर्गातल्या बाकीच्यांना हा नियम म्हणजे डोकेदुखी. आपल्याला काय त्याचं? आपण जन्मापासून 'पुस्तक लिहिलं, चिठ्ठी लिहिली' म्हणत आलोय. फरक एवढाच की फ्रेंचमध्ये चिठ्ठी क्रियापदाच्या आधी आली तरच हे होतं, नंतर आली तर नाही. अरबीत तीच चिठ्ठी 'अर्-रिसाला अल्लती कतब्तुहा'. 'अल्लती' स्त्रीलिंगी, शेवटचा 'हा'ही स्त्रीलिंगी.

म्हणजे अरबीचा दारातला शब्द फक्त कोण आलंय ते सांगतो: पुरुष, बाई, दोघं, अनेक. त्याचं आत काम काय, हे तो सांगत नाही. फ्रेंचचे 'की' आणि 'क' नेमके उलटे. आलेला पुरुष की बाई, एक की दहा, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. कर्ता असेल तर 'की', कर्म असेल तर 'क'. अरबीत द्विवचनात तर हे उघडंच दिसतं. 'मी पाहिले ते दोन मुलगे आले' यात मुलगे 'पाहिले'चं कर्म आहेत, तरी अरबीत 'अल्लधानि' हे प्रथमेचं रूप येतं, कारण बाहेर ते 'आले'चे कर्ते आहेत.

या द्विवचनी रूपांत 'लाम' (अरबी 'ल' हे अक्षर) दोनदा लिहायचा, 'अल्लधी'त एकदाच. का, ते विचारू नका, पाठ करा. आणि पुस्तकं, पेट्या, जहाजं अशा माणूस नसलेल्या अनेकवचनांना एकवचनी 'अल्लती' लागतो. यावर माझे बरेच गुण गेलेत.

आता महागात पडलेली गोष्ट. अरबीत 'जो'ची गरज फक्त निश्चित नामाला, म्हणजे 'तो माणूस', 'ते पुस्तक' असं असेल तर. 'एक माणूस', 'कुठलाही माल' असं अनिश्चित असेल तर 'अल्लधी' येतच नाही. वाक्य नुसतं पुढे जोडलं जातं. निश्चित नामाला 'मअरिफा' म्हणतात, आणि आपल्या 'मार्फत'चं मूळ तेच. 'अल्लधी'ला म्हणतात 'इस्म मौसूल', जोडलेलं नाम. त्याच्या धातूतून आपला 'वसूल' आला. हे शब्द मला त्यामुळेच लक्षात राहिले. नियम मात्र राहिला नाही.

एका आयातदार कंपनीसाठी चाचणी म्हणून करार आला होता, अरबीतून फ्रेंचमध्ये. एक वाक्य होतं: 'यर्फुदुल-मुश्तरी बिदाअतन ला तुताबिकुल-मुवासफात'. मी लावलं ते असं: खरेदीदार माल नाकारतो, तो ठरल्या प्रतीचा नाही. खरा अर्थ: ठरल्या प्रतीशी न जुळणारा माल खरेदीदार नाकारतो. 'जो' दिसला नाही म्हणून मी तिथे वाक्य तोडलं आणि एका अटीचा आरोप करून ठेवला. फ्रेंचमध्ये तिथे 'की' हवाच होता, तिथे सुटका नाही. काम अर्थातच मिळालं नाही. तपासणाऱ्याने लाल शाईने एकच खूण केली होती, 'बिदाअतन'च्या शेवटच्या 'अन'खाली. तो 'अन' म्हणजे अनिश्चिततेची खूण. तेव्हापासून 'अन', 'उन', 'इन' दिसला आणि लगेच पुढे क्रियापद आलं, की मी थांबते आणि मनात मराठी 'णारा' लावून बघते: न जुळणारा, विकणारा, येणारा. दहातल्या नऊ वेळा तो बसतो.

सरावासाठी म्हणी घ्या. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' घ्या, दोन्हीकडे करा. मुख्य वाक्यातला आपला 'तो' मात्र तिकडे नेऊ नका. 'जो माणूस आला तो बसला' यातला 'तो' दोन्हीकडे बहुधा जास्तीचा होतो.

आणि हे सगळं घोकून पहिल्यांदा मोरोक्कोतल्या माणसाशी फोनवर बोललात की तयारी ठेवा. मी अर्धा तास 'अल्लधी' कधी येतो याची वाट बघत बसले. तो म्हणत होता, 'दाक्शी ल्ली गुल्त लीक', 'जे तुला सांगितलं ते'. बोलीत 'अल्लधी'च्या जागी हा 'ल्ली' येतो; कैरोत तोच 'इल्ली' होतो. पुरुष, बाई, दोघं, अनेक, सगळ्यांना एकच. दोन लामांचा प्रश्नच मिटला.