अक्षता, पेन ड्राइव्ह आणि बिटरेट

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग शिकायला स्टुडिओत लागलो, तेव्हा एक्सपोर्ट (एडिट झालेल्या फिल्मची फाइल काढणं) म्हणजे बटण दाबून चहाला जायची वेळ, एवढीच माझी समज. पहिलीच हायलाइट फिल्म, 20 मिनिटांची. बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला किती डेटा, दिला 50 एमबीपीएस (सेकंदाला 50 मेगाबिट), म्हटलं क्वालिटी कशाला कमी करा? फाइल झाली साडेसात जीबी. नवरीचे काका पेन ड्राइव्ह घेऊन समोर उभे. ड्राइव्ह 32 जीबीचा, अख्खा रिकामा, तरी कॉपी होईना. तो फॅट 32 मध्ये फॉरमॅट केलेला होता, आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. काकांना उद्या या म्हणालो.

मग घाबरून 3 एमबीपीएसवर काढली. साडेचारशे एमबी! हळद छान, स्टेजवरचे फोटो छान. 'शुभमंगल सावधान' झालं, अक्षता उडाल्या आणि नवरा-नवरीच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले.

कारण साधं आहे. एच.264 (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, बरंचसं आधीच्या फ्रेममधून उचलतो आणि बदललं तेवढंच लिहितो. स्टेजवर पडदा तोच, माणसं उभी, त्यामुळे थोडक्यात भागतं. अक्षतांचा दाणा न् दाणा वेगळीकडे जातो, तिथे बिट पुरत नाहीत.

साइझचा हिशोब तोंडी करता येतो: एमबीपीएस भागिले 8 (आठ बिटांचा एक बाइट), गुणिले सेकंद. 16 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 2 एमबी, 20 मिनिटांचे 2.4 जीबी. यात रिझोल्यूशन, म्हणजे चित्रात पिक्सेल किती, ते कुठेच नाही, बघा. तोच बिटरेट ठेवून 1080पीचं 4के केलंत तर फाइल तेवढीच राहते, फक्त तेवढेच बिट चौपट पिक्सेलांत वाटले जातात. 1080पीवर शूट केलेलं 4केमध्ये काढून द्या म्हणणारे गिऱ्हाईक भेटतीलच. आवाजात मात्र काटकसर नको, 320 केबीपीएस ठेवला तरी 20 मिनिटांना 48 एमबीच लागतात.

मी आता 1080पी, शूट केलं तेच 25 एफपीएस (सेकंदाला 25 फ्रेम), व्हीबीआर टू पास (आधी सगळी फिल्म तपासून, मग गरजेप्रमाणे कमी-जास्त बिट वाटायचे), टार्गेट 16 एमबीपीएस ठेवतो. टू पासला वेळ जास्त लागतो, पण स्टेजवर वाचलेले बिट अक्षतांना मिळतात. एच.264 च्या पुढच्या एच.265 मध्ये तीच क्वालिटी बऱ्याच कमी साइझमध्ये येते, पण गावाकडच्या जुन्या टीव्हीवर फाइल उघडली नाही की फोन आपल्यालाच येतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते पुन्हा दाबून बारीक करतं.

आणि पूर्ण फिल्म लावायच्या आधी टाइमलाइनवर अंतरपाट शोधायचा. तो खाली येतो तिथे इन (सुरुवातीची खूण), पुढे 20 सेकंदांवर आउट (शेवटची), तेवढंच एक्सपोर्ट करून मोठ्या टीव्हीवर लावायचं. दाणे सुटे दिसले की मग चहाला.