कासची फुलं भरायला घेण्याआधी

कास पठारावरचा बहर साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. ती फुलं कुर्त्याच्या गळ्यावर किंवा साडीच्या पदरावर भरायची असतील, तर तयारीला तिथूनच लागावं. फूल तोडून आणायचा विचारही करू नका. तोडायला बंदी आहे, आणि पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे ते याच फुलांच्या जोरावर. सोबत छोटी वही आणि रंगीत पेन्सिली घ्या. फोटो काढाच, पण रंगासाठी फोटोवर विसंबू नका. मोबाइलमध्ये जांभळा हमखास निळ्याकडे झुकतो, आणि सीतेची आसवं या इवल्या रानफुलाचा सगळा जीव त्या जांभळ्यातच आहे. प्रत्येक फुलाजवळ थांबून तीन गोष्टी टिपा: पाकळ्या किती आणि कशा, मधला भाग कुठल्या रंगाचा, आणि फुलाच्या खाली-मागे काय आहे. तिसरी गोष्ट बहुतेक जणी टिपत नाहीत. माझ्या मते सगळं भरतकाम तिच्यावरच उभं राहतं किंवा पडतं.

कारण धागे घ्यायला गेलं की हात आपोआप गुलाबी, पिवळ्या, जांभळ्या लड्यांकडे जातो. हिरवा एकच घेतला जातो, तोही झगझगीत पोपटी. मग घरी येऊन कितीही सुबक टाके घातले तरी फुलं कापडावर चिकटवल्यासारखी दिसतात. म्हणून मी म्हणते, यादीत पहिला धागा हिरवा लिहा, आणि एक नव्हे, चार लिहा. कोवळ्या गवताचा पिवळसर हिरवा, पानांसाठी मधला गवती, सावलीसाठी गडद शेवाळी, आणि चौथा राखेकडे झुकणारा मंद हिरवा. हा चौथा लडीत अगदी निर्जीव दिसतो, पण जांभळ्या आणि पिवळ्याच्या मधे तोच शांतता ठेवतो. तेरड्याच्या देठाला लालसर झाक असते, तिथे हिरव्याच्या एका पदराबरोबर (पदर म्हणजे धाग्यातला एक सुटा पेड) विटकरीचा एक पदर मिळून सुईत ओवा. विटकरीचा तो धागा पुढेही लागेल. पठार जांभ्या दगडाचं आहे, आणि मुळाशी दोन-चार आडवे विटकरी टाके पडले की झाडं जमिनीत रुजलेली वाटतात.

आता कापड. साताऱ्याच्या खण आळीत घ्यायला जाल तर सुती, दाट विणीचं, न ताणणारं कापड मागा. केम्ब्रिक, पॉपलिन चालेल. नवखा हात असेल तर जॉर्जेट नको. पांढरंशुभ्र मात्र टाळा, कारण कासच्या चित्रात गेंद आणि कुमुदिनी ही दोन पांढरी फुलं हवीतच आणि पांढऱ्यावर ती दिसणार नाहीत. मोतिया, फिका राखाडी किंवा धुक्यासारखा निळसर रंग घ्या. गर्द रंगावर कमी टाक्यांत उठाव येतो खरा, पण तिथे फिके रंग जास्त उजळ भासतात आणि गडद जांभळा बुडून जातो. कापड घरी आणलं की आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड आटतं, आणि भरून झाल्यावर आटलं तर फुलांभोवती चुण्या पडतात, त्या निघत नाहीत.

धागा सुती, सहा पदरी घ्या. अँकर कंपनीची लडी ८ मीटरची असते. तिचे साधारण ४५ सेंटिमीटरचे, म्हणजे हातभर तुकडे केले तर सतरा होतात, आणि दोन पदरांनी भरायचं म्हटलं तर एका तुकड्यातून तीन वेळा सुई ओवता येते. म्हणजे एका लडीतून पन्नासेक वेळा. या हिशेबाने गळ्यापुरत्या कामाला फुलांच्या रंगांची प्रत्येकी एक लडी पुरते, पानांच्या हिरव्याच्या दोन घ्या. जे लागेल ते एकदमच घ्या. पुढच्या खेपेला त्याच नंबरची लडी थोडी वेगळ्या छटेची निघू शकते, आणि तो फरक एकाच पाकळीत आला तर डोळ्यांना टोचतो. चकचकीत रेयॉनचा धागा पहिल्या कामाला नको, तो सुटतो, घसरतो, आणि रानफुलांना ती चमक शोभतही नाही.

रंग निवडताना लड्या घेऊन दुकानाच्या दारात या. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उजेडात वेगळे पडतात. जांभळ्याच्या तीन छटा हव्यात, पण शेड कार्डावर (दुकानातल्या रंगछटांच्या तक्त्यावर) लागोपाठच्या नकोत. शेजारच्या दोन छटा लडीत वेगळ्या दिसल्या तरी टाक्यात एक होऊन जातात. म्हणून एक सोडून पुढची घ्या. खात्री करायची तर तिन्ही लड्या जवळ ठेवून त्यांचा कृष्णधवल फोटो काढा. करडेपणात तिन्ही वेगळ्या ओळखू आल्या तर निवड बरोबर. पिवळ्याचं थोडं निराळं आहे. सोनकीचा पिवळा लख्ख असतो, आणि त्याची सावली तपकिरी धाग्याने दाखवायला गेलं की तो मळकट होतो. तिथे गडद छटा म्हणून केशरट पिवळा किंवा मोहरीचा रंग घ्यावा. तेरड्यासाठी फिका गुलाबी, राणी, आणि पाकळीच्या बुडाशी गडद राणी. राणी, लाल आणि गडद जांभळा हे तिन्ही रंग सुटायची भीती असते. प्रत्येकाचा बोटभर तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबून ठेवा. डाग पडला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत ती लडी गार पाण्यात खळबळा, आणि तरीही सुटत असेल तर वापरू नका.

टाका ठरवताना फुलाची ठेवण बघा, आपल्याला कुठला टाका छान येतो ते नंतर. सोनकीच्या पाकळ्या लांबट, सुट्या. त्यांना दोन पदरांची लेझी डेझी (साखळीचा एकच सुटा टाका, टोकाशी बारीक टाक्याने धरलेला), आणि प्रत्येक पाकळीच्या पोटात केशरट पिवळ्याचा एक सरळ टाका. मधला गोल गाठीच्या टाक्यांनी भरायचा. धाग्याचे वेढे सुईवर एक किंवा दोनच. वेढे घेतल्यावर डाव्या हाताने धागा ताणून धरा, आणि सुई जिथून वर आली त्याच भोकात परत न घालता कापडाचे एक-दोन धागे सोडून बाजूला खाली न्या. त्याच भोकात गेली की गाठ सरळ मागे निघून जाते. गोलाच्या कडेला केशरट, मधे पिवळ्या, अशा गाठी अगदी खेटून घातल्या की सोनकी झाली.

तेरड्याला लांब-आखूड टाकाच हवा, आणि एका पदराने. या फुलाला वेळ काढून ठेवा. पाकळीची कड आधी स्प्लिट स्टिचने (प्रत्येक टाका आधीच्या टाक्याचा धागा चिरत वर येतो) आखून घ्या, म्हणजे वरून येणाऱ्या टाक्यांना धार मिळते. मग पेन्सिलीने पाकळीवर बारीक रेघा ओढा, सगळ्या मध्याकडे जाणाऱ्या. या रेघा नसतील तर टाके हळूहळू तिरके होतात आणि पाकळी पिळवटलेली दिसते. पहिली ओळ बाहेरच्या कडेला एकसारखी, आतल्या बाजूला मुद्दाम लहान-मोठी. दुसऱ्या छटेची सुई पहिल्या ओळीच्या धाग्यातूनच वर काढा, शेजारून नको, तरच रंग एकमेकांत मिसळतात. तेरड्याची मागची वाकडी शेपटी देठाच्या टाक्याने (स्टेम स्टिच) काढायची. ती विसरली तर तेरडा ओळखू येत नाही.

सीतेच्या आसवांना एवढं काही लागत नाही. फूल इतकं लहान की भरायला गेलात तर ठिपका होतो. जांभळ्याचे दोन-तीन सरळ टाके, मधे पांढऱ्याची एक गाठ, खाली एका पदराचा देठ. पानं काढू नका, फुलताना ती डोळ्यांना दिसत नाहीत. जोर संख्येवर द्या: खाली दाट, वर विरळ. कवल्याच्या पिवळ्या पाकळीवरचे दोन लाल ठिपके अगदी शेवटी, एका पदराने. आभाळीच्या पुंकेसरांवरचे निळसर केसही एकाच पदराच्या सुट्या टाक्यांनी दाखवा, टोकाला पिवळी गाठ. कुमुदिनीच्या पाकळ्या भरीव टाक्याने (सरळ टाके खेटून घालत जागा भरायची), आणि कडेची झालर एका पदराने, मुद्दाम असमान. भरीव टाका सेंटिमीटरहून लांब करू नका, अडकून सुटतो. टोपली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, मोह होणारच, पण तिचे जांभळे ढीग दुसऱ्या कामासाठी ठेवा.

सुया मिश्र नंबरच्या पाकिटात मिळतात. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दोन-तीन पदरांना ७ किंवा ८, एका पदराला ९ किंवा १०. पाच-सहा इंची लाकडी रिंग घ्या आणि आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा, कापड घट्ट बसतं आणि डाग पडत नाही. काम थांबवलं की रिंग काढून ठेवा. नक्षी पाण्याने जाणाऱ्या पेनाने काढली असेल तर ती धुऊन जाईपर्यंत इस्त्री लावायची नाही, उष्णतेने शाई पक्की बसते. दुकानातून खाका (टोचलेल्या कागदावरून नक्षीचा छाप) मारून घ्यायचा असेल तर फिका मारायला सांगा. लांब-आखूड टाक्याखाली तो झाकला जातो, पण एकेरी देठाच्या दोन्ही बाजूंनी डोकावतो.

धागा ओवताना सहाही पदर सुटे करा. एकेक पदर सरळ वर ओढून काढा आणि हवे तेवढे पुन्हा एकत्र करा. आहे तसे दोन पदर ओढून घेतले तर त्यांचा पीळ तसाच राहतो आणि भरीव टाका खडबडीत येतो. त्याच कापडाच्या तुकड्यावर प्रत्येक फूल एकदा भरून बघा आणि शेजारी पेन्सिलीने धाग्याचा नंबर व पदरांची संख्या लिहा. फूल आवडलं नाही तर टाका बदलण्याआधी त्याच्याखालचा हिरवा बदलून पाहा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

भरताना देठ आणि पानं आधी, मग मागची फुलं, मग पुढची. गेंद आणि कुमुदिनी सगळ्यांत शेवटी घ्या, हात साबणाने धुऊन आणि पुसून. पांढरा धागा घामानेही मळतो. गेंदाची डोकी पांढऱ्या आणि मोतिया अशा दोन लड्यांच्या गाठींनी मिळून भरा, नुसत्या पांढऱ्याने त्यांना गोलाई येत नाही.