कॅम्पर ट्रेलरसाठी गाडीला सात पिनांचे सॉकेट कसे जोडावे

गाडीमागे कॅम्पर ट्रेलर लावला, की गाडीचे मागचे दिवे ट्रेलरच्या आड जातात आणि मागून येणाऱ्याला आपला ब्रेक किंवा वळण केवळ ट्रेलरवरच्या दिव्यांवरून कळते. ठाण्याहून कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजला निघालेल्याला पावसाळी धुक्यात या दिव्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. हे दिवे गाडीच्या दिव्यांबरोबर पेटावेत म्हणून गाडीला सात पिनांचे सॉकेट जोडायचे असते आणि व्होल्ट मोजायचा मीटर वापरता येणाऱ्या माणसाला हे काम जमण्यासारखे आहे. मात्र आपल्याकडे खाडीची दमट, खारट हवा असते आणि मे महिन्यात लखलखीत दिसणारा तांब्याचा जोड गणपतीपर्यंत हिरवा पडू शकतो, हे धरूनच प्रत्येक जोड करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच असल्याने त्याची नोंदणी आणि गाडीला हुक बसवण्याची परवानगी यांबाबत आरटीओकडे आधी चौकशी करावी.

सॉकेट घेताना ते १२ व्होल्टचे, सात गोल पिनांचे, आयएसओ १७२४ या आंतरराष्ट्रीय प्रमाणातले आहे याची खात्री करावी. कळंबोलीसारख्या ठिकाणी ट्रकचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत दिसायला अगदी मिळतेजुळते सॉकेट मिळते, पण ते २४ व्होल्टच्या गाड्यांसाठी असते. अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरला चपट्या पात्यांचा सात-पिनी प्लग असतो. त्याची जोडणी पूर्णपणे वेगळी असल्यामुळे पुढे दिलेली पिनांची यादी त्याला लावू नये.

सॉकेटच्या आत प्रत्येक पिनेजवळ आकडा कोरलेला असतो आणि जोडणी त्या आकड्यानेच करावी, कारण प्लग आणि सॉकेट समोरासमोर धरले की डावे-उजवे उलटते. पिन १ डाव्या इंडिकेटरची, वायर पिवळी. २ मागच्या फॉग दिव्याची, निळी. ३ अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याच्या वाटेची, पांढरी. ४ उजव्या इंडिकेटरची, हिरवी. ५ उजव्या टेल लाइटची, तपकिरी. ६ ब्रेक लाइटची, लाल. आणि ७ डाव्या टेल लाइटची, काळी. यातल्या काळ्या वायरीकडे विशेष लक्ष द्यावे. कितीतरी गाड्यांच्या वायरिंगमध्ये काळी वायर अर्थची असते, इथे मात्र तिच्यात टेल लाइटचा करंट येतो. सवयीने ती बॉडीला लावली, तर दिवे चालू करताच फ्यूज उडेल.

आता गाडीच्या बाजूच्या वायरी ओळखायच्या. डिकीतले आवरण काढून टेल लॅम्पच्या कनेक्टरपाशी यावे, सोबतीला एखाद्याला स्टिअरिंगवर बसवावे आणि एकेक दिवा चालू करायला सांगून टेस्ट लॅम्पने वायर शोधून तिच्यावर चिठ्ठी लावावी. जुन्या, साध्या बल्बच्या गाडीत या वायरींवरून थेट फांदी घेता येते. एलईडी दिवे असलेल्या किंवा बल्ब गेल्याची सूचना देणाऱ्या नव्या गाडीत तसे करू नये. तिथले दिवे कंट्रोल युनिट चालवते आणि ट्रेलरचा जादा भार त्याला झेपेलच असे नाही. अशा गाडीत ट्रेलरसाठी मिळणारे रिले मॉड्यूल मध्ये घालावे. ते गाडीच्या वायरीतून फक्त इशारा घेते आणि ट्रेलरच्या दिव्यांना लागणारा करंट बॅटरीपासून स्वतंत्र आणलेल्या वायरीतून देते. ही वायर २.५ चौरस मिलिमीटरची असावी आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा, म्हणजे वाटेत कुठे वायर सोलली गेली तरी तिथून पुढची सगळी लांबी सुरक्षित राहते. वॉरंटीतल्या गाडीत काहीही कापण्यापूर्वी त्या मॉडेलसाठी तयार हार्नेस, म्हणजे कनेक्टरसकट वायरींचा जुडगा, मिळतो का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे.

वायरी ओळखून झाल्या की बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. आधी निगेटिव्ह काढायची आणि काम संपल्यावर ती शेवटी लावायची. हा क्रम पाळला तर पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. डिकीच्या तळाला कारखान्यातूनच रबरी बूच लावलेले भोक असते, त्यातून केबल खाली उतरवावी. नवे भोक पाडावे लागलेच, तर त्याच्या कडेला गंजरोधक रंग लावून रबरी ग्रोमेट बसवावा, नाहीतर पत्र्याची धार आवरण कापते. केबल पन्हाळी पाइपमधून न्यावी आणि सायलेन्सरपासून दूर ठेवावी. सॉकेटमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोक द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न जाता तिथेच टपकून पडते. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळून भागवू नये. इथल्या उन्हात तिचा गोंद पाघळतो आणि टेप सुटते.

बाकी सगळे नीट करूनही लोक कमी पडतात ते अर्थच्या वायरीत. सगळ्या दिव्यांचा परतीचा करंट तिसऱ्या पिनेतून एकत्र येतो. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब, धोक्याच्या इशाऱ्यासाठी एकदम लुकलुकणारे २१ वॅटचे दोन इंडिकेटर, २१ वॅटचा फॉग दिवा आणि टेल लाइटचे ५ वॅटचे दोन, असे मिळून ११५ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेनऊ अँपिअरच्या आसपास होतात. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आठ मीटर लांब असेल, तर एवढ्या करंटला एकट्या अर्थमध्ये जवळजवळ एक व्होल्ट जातो; २.५ची घेतली तर तोच तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. म्हणून दिव्यांसाठी १.५ आणि अर्थसाठी २.५ घ्यावी. हुकचा गोळा आणि ट्रेलरचा सांगाडा लोखंडीच आहेत, तेवढा अर्थ पुरेल, असे सांगणारे भेटतात. ते ऐकू नये. त्या गोळ्यावर ग्रीस असते, गंज चढतो आणि खड्ड्यात ट्रेलर उसळला की संपर्क सुटतो. गाडीच्या बाजूला रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासावा, तिथे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) बोल्ट आणि दातेरी वॉशरने घट्ट आवळावे आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा थर द्यावा.

जोडांसाठी वायर चिमटून धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात. काम झटपट होते, पण त्यांची पाती वायरीच्या काही तारा तोडते आणि त्याच फटीतून ओल आत शिरते. त्याऐवजी योग्य मापाचे थिंबल क्रिंपिंगच्या पकडीने दाबावे, जोड ओढून पाहावा आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवावी. सॉकेटमधल्या स्क्रूखाली जाणाऱ्या टोकांवर पितळी टोपी बसवावी आणि पिनांना ओल रोखणाऱ्या डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवावा.

कॅम्परमध्ये बॅटरी किंवा फ्रिज असेल, तर सात पिना पुरत नाहीत आणि तेरा पिनांचे सॉकेट घ्यावे लागते. त्यात दहावी पिन चार्जिंगची आणि अकरावी तिच्या अर्थची असते. चार्जिंगच्या वाटेत इंजिन बंद होताच तुटणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) हवाच, नाहीतर मुक्कामी फ्रिज गाडीची बॅटरी संपवून टाकतो. नव्या स्मार्ट अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनित्र गरजेनुसार व्होल्टेज कमी-जास्त करतो अशा, गाडीत नुसत्या रिलेने ट्रेलरची बॅटरी पुरती भरत नाही, तिथे व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लावावा.

तपासणी केवळ मीटरवर सोडू नये. गंजलेला जोडही मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब प्रत्येक पिन आणि तिसऱ्या पिनेच्या मध्ये लावून तो लख्ख पेटतो का, ते पाहावे. मग ट्रेलर जोडून टेल लाइट, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी चालू करावेत. इंडिकेटरबरोबर टेल लाइटही मंद-प्रखर होऊ लागले, तर दोष बहुतेक वेळा अर्थचाच असतो. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकला, तर त्या बाजूचा बल्ब किंवा त्याची वायर पाहावी. शेवटी मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घेऊन केबल ताणली जात नाही ना, आणि सरळ उभे असताना ती रस्त्याला टेकत नाही ना, हे खाली वाकून पाहावे आणि मगच केबल टाय पक्के आवळावेत.