बाळाचे श्वास मोजायला शिकवणाऱ्या क्लिपा: मोबाइलवर बनवायच्या, रेंजशिवाय चालवायच्या

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असतील, तर ते जलद, म्हणजे आजाराची खूण. दोन महिने ते एक वर्ष या वयात ही मर्यादा ५०, एक ते पाच वर्षांत ४०. आशाताईंना हे आकडे पाठ असतात. अडतं ते प्रत्यक्ष मोजताना. साध्या बाहुलीचं पोट हलत नाही आणि प्रशिक्षणाच्या दिवशी आजारी बाळ हाताशी नसतं. डोळ्याला सराव हवा तर खऱ्या बाळांच्या क्लिपा हव्यात, आणि प्रत्येक क्लिपेतला खरा आकडा शिकवणाऱ्याला आधीच माहीत हवा. या क्लिपा नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर रेंज नसताना चालल्या पाहिजेत आणि जळगावमधल्या चोपडा-यावलच्या उपकेंद्रातल्या जुन्या फोनवरही उघडल्या पाहिजेत.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळांच्या बारा क्लिपा पुरतात. चार ४० ते ५० श्वासांच्या, पाच ५५ ते ६५ च्या, तीन ७० च्या वरच्या. मधल्या गटात जास्त क्लिपा घ्या, कारण निर्णय तिथेच चुकतो. ७५ श्वासांचं बाळ कुणालाही धापा टाकताना दिसतं. जलद श्वासाची बाळं जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात मिळतील. तिथे डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच आणि बाळाचे उपचार सुरू झाल्यावरच चित्रण करा. क्लिपेसाठी उपचार एक मिनिटही थांबता कामा नयेत.

आईवडिलांची लेखी संमती घ्या आणि ती त्यांच्या बोलीत समजावून सांगा: अहिराणीत, पावरीत, भिलीत, मावचीत. क्लिप कोण बघणार, कशासाठी, आणि नको वाटली तर कधीही पुसून टाकता येईल, हे तिन्ही सांगा. चौकटीत हनुवटीपासून बेंबीच्या खालपर्यंतचाच भाग घ्या. चेहरा नको, मनगटावरची नावाची पट्टी नको, लंगोट राहू द्या. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा, नाहीतर गावाचा ठावठिकाणा फाइलमध्येच नोंदला जातो.

बाळ शांत हवं. रडताना, पिताना किंवा अंगावरून नुकतंच सुटल्यावर मोजू नये, तसं चित्रणही करू नये. फोन हातात धरू नका, स्टँडवर लावा. हात हलला की श्वास आणि हलणं यातला फरक कळत नाही. फोन बाळाच्या कुशीच्या बाजूला, पोटापेक्षा जरासा वर ठेवा. थेट वरून घेतलं तर पोट उचललेलं दिसत नाही. उजेड खिडकीचा घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो. दोन्ही जुळत नाहीत आणि ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकतात. ते बाळाच्या पोटावरून गेले की श्वासासारखेच भासतात. ट्यूब बंद करता येत नसेल तर सेकंदाला २५ चित्रं ठेवा. उन्हाळ्यात फोन तापून चित्रण मध्येच बंद पडतं, म्हणून काम सकाळी दहाच्या आत उरका. प्रत्येक चित्रण ७५ सेकंदांचं घ्या आणि संपादनात पाचव्या सेकंदाला एक बीप, पासष्टाव्याला दुसरी बीप टाका. मोजायचं ते त्या दोन बीपांच्या मधलं मिनिट.

नवे फोन एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये चित्रण करतात, ते बऱ्याच जुन्या फोनवर उघडत नाही. सेटिंग बदलून एच.२६४, ७२० पी ठेवा. मग संगणकावर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने बिटरेट सेकंदाला २ मेगाबिटवर आणा: एक क्लिप साधारण १९ एमबी, बारा मिळून सव्वादोनशे. त्याहून खाली जाऊ नका. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते आणखी दाबलं जातं, आणि बाळाच्या पोटाची बारीक हालचालच आधी पुसली जाते. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सगळ्यात बरं म्हणजे महिन्याच्या बैठकीत थेट फोनला लागणाऱ्या ओटीजी पेनड्राइव्हने प्रत्येकीच्या फोनमध्ये टाकून द्या.

खरा आकडा ठरवायला दोन अनुभवी माणसं हवीत. प्रत्येकाने क्लिप अर्ध्या वेगाने दोनदा बघून, एकमेकांना न सांगता आकडा लिहावा. एकापेक्षा जास्त श्वासांचा फरक आला तर ती क्लिप टाकून द्या. उत्तर फाइलच्या नावात लिहू नका.

क्लिपेसोबतची सूचना आशाताईंकडूनच त्यांच्या बोलीत रेकॉर्ड करून घ्या. 'पोट वर उनं का एक', एवढंच वाक्य. पंखा बंद, दारं लावलेली, फोन तोंडापासून वीतभर; गोधडी अंगावर घेतली तर घुमत नाही.

आता सराव. क्लिप एकदाच, न थांबवता दाखवा. मध्ये कुणी बोलायचं नाही, प्रत्येकीने आकडा कागदावर लिहायचा. तीन श्वासांच्या आत असेल तर बरोबर धरा. चुकीचा आकडा नीट वाचा, कारण चूक कुठे झाली ते तोच सांगतो.

आकडा जवळपास दुप्पट आला, तर ती आत जाणारा आणि बाहेर येणारा श्वास वेगळे मोजते आहे. ४८, ५२, ५६ असे चारने भाग जाणारेच आकडे येत असतील, तर ती पंधरा सेकंद मोजून चारने गुणते आहे. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच काही सेकंद थांबतो, मग भराभर चालतो. तेवढाच तुकडा हाती आला तर एका श्वासाची चूक चारची होते. म्हणून पूर्ण मिनिट.

आकडा नेहमी पाच-सात कमी येत असेल, तर बहुधा दोन कारणं. एक, ती घड्याळाकडे बघते. टायमर एक मिनिटाचा लावून फोन मांडीवर ठेवायला सांगा. आवाज झाला की थांबायचं, नजर पोटावरून हलवायची नाही. दुसरं कारण आपल्या मोजणीतच आहे. बाळ सेकंदाला एक श्वास घेत असताना मनात 'एकोणचाळीस', 'अठ्ठेचाळीस' म्हणेपर्यंत पुढचा श्वास होऊन जातो. यावर उपाय म्हणजे एक ते दहाच म्हणायचं आणि दर दहाला एक बोट मिटायचं. सहावं बोट मिटलं की साठ झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाईंसाठी बनवलेल्या श्वासमापकातही दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा असतो. दहा-बाराच्या पुढे मोजता न येणाऱ्या बाईलाही ते जमतं, मग बोटांनी नक्कीच जमेल.

बारापैकी दहा बरोबर आल्या की खऱ्या बाळावर जा. पडद्यावर जमलं म्हणून धुराच्या, अंधाऱ्या घरात झोळीतल्या बाळावर जमेलच असं नाही. घरभेटीत आशाताई आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक दोघींनी एकाच वेळी, मनातल्या मनात मोजावं आणि लिहून मगच एकमेकींना दाखवावं. आधी बाळाला दाराशी उजेडात आणा, अंगरखा वर करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त आले तर पुन्हा पूर्ण मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्तच आले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जात असेल, तर सराव तिथेच थांबवून बाळाला दवाखान्यात पाठवायची व्यवस्था करा.

पुढे दर महिन्याच्या बैठकीत चारच क्लिपा, पंधरा मिनिटं. क्रम दर वेळी बदला आणि फाइलींना नवे क्रमांक द्या. तिसऱ्या महिन्यापासून बाळाच्या दुपट्यावरूनच उत्तर ओळखलं जातं, तेव्हा तीन-चार नव्या क्लिपा तयार ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी कमी असते. त्या महिन्यात राहिलेल्यांची यादी गटप्रवर्तकाकडे द्या आणि त्यांचा सराव घरभेटीतच करून घ्या.